देशाचं काम पहिलं म्हणता ना, मग प्लेटपासून पेमेंटपर्यंत पहिलं करा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अंबडला एक्सलो पॉईंटच्या मागच्या बाजूला माझं छोटं मशीन शॉप आहे, दोन व्हीएमसी आणि तीन सीएनसी लेथ, म्हणजे धातू कापायची कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, आणि वडिलांच्या वेळचं एक मिलिंग, माणसं एकूण चौदा. सव्वीस वर्षं झाली हेच करतोय. पेपरला पत्र लिहायची सवय नाही, पण उद्योगांनी संरक्षणाच्या कामाला पहिलं प्राधान्य द्यावं हा विषय डोक्यातून जातच नाहीये म्हणून रात्री जेवण झाल्यावर बसून लिहितोय. लांबलं तर काटछाट करा, फक्त मालाचा आणि पेमेंटचा भाग कृपया कापू नका.

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला, एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्यात, नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क वन ए हे लढाऊ विमान उडालं, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आलेले, तेव्हा आम्ही शेडमध्ये मशीन थांबवून सगळ्यांनी एकाच मोबाईलवर बघितलं. आमचा सीनियर ऑपरेटर, वीस वर्षं माझ्याकडे आहे, तो काही बोलला नाही, नुसता हात पुसत उभा राहिला आणि व्हिडिओ संपल्यावर म्हणाला, दादा परत लावा ना एकदा. माझ्या दुकानातून जे तुकडे जातात ते तीन हात फिरून पुढे कुठे बसतात ते मला नक्की कळत नाही आणि कळलं तरी लिहिणार नाही, पण विमानाच्या कामात आपला हात आहे ही भावना आमच्याकडे झाडू मारणाऱ्या मावशींनाही आहे आणि ती खरी आहे.

तर आता सगळीकडे एकच चर्चा आहे की लढाऊ विमानं, मिसाईल, तोफा या कामांना उद्योगांनी सर्वोच्च प्राधान्य द्यावं, माल आधी त्यांना, मशीन आधी त्यांना, चांगला माणूस आधी त्यांना. माझंही मत तेच आहे, हे आधीच स्पष्ट सांगतो. हवाई दलाला ४२ स्क्वॉड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, मंजूर आहेत आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिल्यावर २९ राहिल्या. ते मिग आपल्या ओझरचेच होते हो. १९६२ च्या युद्धानंतर यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणतात ते, आणि १९६३ ला लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले ते आपल्या नाशिकमधूनच, आणि मिगचं विमान ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. तेव्हापासून सातपूर-अंबडच्या कित्येक घरांची चूल त्या कारखान्यावर पेटलीये. त्यामुळे कोणी मला शस्त्रांच्या कामाच्या विरोधात समजू नये.

पण प्राधान्य म्हणजे नक्की काय, ते शॉप फ्लोअरवर कसं दिसतं, हे कोणीच बोलत नाही. आमच्यापर्यंत येतं तेव्हा ते फक्त एका फोनच्या रूपात येतं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला एका मोठ्या सप्लायरकडून फोन, त्याचं नाव लिहीत नाही, म्हणाले शेठ चाळीस ब्रॅकेट आहेत, डिफेन्सचं काम आहे, एकदम टॉप प्रायॉरिटी, माल आमचा, तुम्ही फक्त मशीनिंग करून द्या, बाकी सगळं बाजूला ठेवा. मी ठेवलं बाजूला. मोठ्या व्हीएमसीवर एका गाडीच्या कंपनीच्या व्हेंडरचं सहाशे पीसचं काम चालू होतं ते उतरवलं, तुकडा धरायचं फिक्स्चर बनवलं, नवीन कटर मागवले, शनिवारी रात्री मशीनचा प्रोग्रॅम चालवून प्रूव्ह केला. सोमवारी एल्युमिनियमची प्लेट आली. प्लेटवर छापलेल्या हीट नंबरचा, म्हणजे धातूच्या कुठल्या घाण्यातली प्लेट ते सांगणाऱ्या नंबरचा, शेवटचा आकडा ३ होता आणि सोबतच्या टेस्ट सर्टिफिकेटवर ८. बस, एवढंच. विमानाच्या कामात असा माल कापता येत नाही आणि येऊही नये, उद्या ती प्लेट कुठून आली हे शोधायची वेळ आली तर कागद जुळलाच पाहिजे, तिथे मी कोणालाच दोष देत नाही. पण तो एक आकडा दुरुस्त करून आणायला तेवीस दिवस लागले. कारण ज्याने प्लेट विकली तो मुंबईचा स्टॉकिस्ट, त्याला प्लेट बनवणाऱ्या मिलकडून नवीन सर्टिफिकेट आणायचं, मिल परदेशातली, आणि त्या मिलच्या लेखी ही चाळीस ब्रॅकेट म्हणजे कोणाची तरी एक मेल, टॉप प्रायॉरिटी वगैरे काही नाही. सप्लायरचा माणूस रोज मला फोन करायचा की झालं का, आणि मी रोज सांगायचो की साहेब माल कापायची परवानगी द्या, एका दिवसात सुरू करतो. माझ्यावर त्याचा दबाव होता, पण वरच्या कोणावर दबाव टाकायची ताकद त्या टॉप प्रायॉरिटीत नव्हती.

तेवीस दिवस ते फिक्स्चर मशीनवर तसंच. उतरवायचं म्हटलं तर भीती की उद्याच क्लिअरन्स आला तर. गाडीवाल्या व्हेंडरची लाईन थांबली, त्याने उशिराबद्दल माझ्या बिलातून कापायची ४२ हजारांची डेबिट नोट पाठवली आणि पुढची ऑर्डर चाकणला दिली. ब्रॅकेट शेवटी गेले, एकही रिजेक्ट नाही, ह्याचा मला अभिमान आहे. पैसे आले पाच महिने दहा दिवसांनी.

आता माझं म्हणणं असं की हे प्राधान्य नव्हेच. याला मराठीत भीड म्हणतात. देशाचं नाव घेतलं की माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि त्या भिडेवर आपण एवढे मोठे कार्यक्रम चालवायला बघतोय. खरं प्राधान्य कसं असतं ते बाहेर शोधायला गेलं तर अमेरिकेचं उदाहरण मिळतं, आणि मी ते गेले काही महिने मुलीच्या मदतीने इंटरनेटवर वाचतोय.

१९५० ला कोरियाचं युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांनी डिफेन्स प्रॉडक्शन अॅक्ट नावाचा कायदा केला. त्यातून पुढे अशी पद्धत आली की संरक्षणाच्या ऑर्डरवर, म्हणजे आपल्या भाषेत पीओवरच, एक रेटिंग छापलेलं असतं. साध्या संरक्षण कामाला डीओ आणि अगदी मोजक्या, देशाच्या जिवाशी संबंध असलेल्या कामाला डीएक्स. ते डीएक्स कोणीही परचेस मॅनेजर लावू शकत नाही, संरक्षणमंत्री नाहीतर उपमंत्री यांचीच सही लागते. वेळेचा घोळ झाला तर डीएक्सचा जॉब डीओच्या आधी आणि डीओचा जॉब बिनरेटिंगच्या आधी. आणि यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे ते रेटिंग खाली उतरतं. ज्याला रेटेड ऑर्डर आली त्याने स्वतःच्या सप्लायरला ऑर्डर देताना तेच रेटिंग लावायचं असतं, त्याने त्याच्या सप्लायरला, असं करत करत धातूच्या मिलपर्यंत, हीट ट्रीटमेंटवाल्यापर्यंत, नटबोल्ट विकणाऱ्यापर्यंत. माझी ती तेवीस दिवसांची प्लेट डोळ्यापुढे आणा आणि सांगा, तिला हे रेटिंग असतं तर तो स्टॉकिस्ट आणि तो पेपर एवढे दिवस पडून राहिले असते का? मिल परदेशातली असली की आपला कायदा तिथे चालत नाही हे मान्य, पण निदान स्टॉकिस्टने मालाबरोबर कागद तपासूनच पाठवायचा हे तरी बंधन झालं असतं.

दुसरं म्हणजे त्याच कायद्यात कलम ७०७ आहे. सरकारचा रेटेड आदेश पाळल्यामुळे तुमच्याकडून दुसऱ्या गिऱ्हाईकाचं काम लेट झालं तर त्याबद्दल तुमच्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येत नाही. हे वाचून मी तिथेच थांबलो आणि मिसेसला हाक मारून वाचून दाखवलं, कारण ती ४२ हजारांची डेबिट नोट तिनेच टॅलीत एंटर केली होती.

असं प्राधान्य दिलं की काय होतं त्याचं एक उदाहरण सांगतो, मशीनवाल्या माणसाला ते लगेच पटेल. ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला घाई झाली की पाणबुडीतून सोडायचं पोलारिस मिसाईल लवकरात लवकर पाहिजे. नवीन पाणबुडी डिझाईन करून बांधायला वेळ नव्हता. मग त्यांनी काय केलं, स्कॉर्पियन नावाची साधी हल्ला करणारी पाणबुडी यार्डात बांधायला घेतलेली होती, तिच्या मधोमध १३० फुटांचा मिसाईलचा भाग घातला आणि तिचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन ठेवलं. जून १९५९ ला ती पाण्यात उतरली आणि २० जुलै १९६० ला तिने पाण्याखालून पहिलं पोलारिस सोडलं. स्कॉर्पियनचं काय? ती परत पहिल्यापासून दुसऱ्या सांगाड्यावर बांधली. म्हणजे प्राधान्य दिलं तेव्हा कोणाचं तरी काम मागे पडलं, ते कोणाचं हे त्यांनी ठरवून, कागदावर लिहून, डोळे उघडे ठेवून पाडलं. आपल्याकडे कोणाचं काम मागे पडायचं हे कोणी ठरवत नाही, ते आपोआप सगळ्यात खालच्या माणसाचं पडतं.

तर कोणी म्हणेल मग सगळ्याच संरक्षण कामांना असा शिक्का मारून टाका. नाही, तिथेच घोळ होतो, आणि हा घोळ त्यांनीही घातलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला अमेरिकेत ए-१ असं प्राधान्य द्यायला लागले, मग लष्कराचे सगळेच विभाग आपापल्या कामाला ए-१ लावायला लागले, मग त्याच्यात ए-१-ए, ए-१-बी असे पोटभाग पाडले, तेही भरले, मग वर डबल ए आलं, ट्रिपल ए आलं. कागदावर सगळे पहिले आणि गोडाऊनमध्ये तांबं नाही. अॅटमबॉम्बच्या मॅनहॅटन प्रोजेक्टलाही सुरुवातीला मधलंच रेटिंग होतं, सप्टेंबर १९४२ ला जनरल ग्रोव्हज यांच्याकडे काम आलं आणि दोनच दिवसांत त्यांनी युद्धाचं उत्पादन आणि माल ठरवणाऱ्या वॉर प्रॉडक्शन बोर्डाचे प्रमुख डोनाल्ड नेल्सन यांच्या ऑफिसात जाऊन ट्रिपल ए लावायचा अधिकार सहीसकट घेतला. आणि नुसत्या रेटिंगने भागलं नाही तिथे त्यांनी वेगळाच मार्ग काढला. त्याच प्रोजेक्टच्या ओक रिजच्या कारखान्यात युरेनियम वेगळं करायच्या मोठमोठ्या मॅग्नेटच्या गुंडाळ्यांना हजारो टन तांबं पाहिजे होतं, तांबं तर तोफगोळ्यांना जात होतं, मग सरकारी खजिन्यातून १४,७०० टन चांदी उसनी घेतली आणि तिच्या पट्ट्या वळवल्या. आपल्या सराफ बाजारात चांदी भावावर तोलतात, तिथे ती टनावर. आणि युद्ध संपल्यावर ती चांदी मोजून परत दिली, अगदी शेवटची १९७० ला, तूट नगण्य. मला त्यातली उसनी हा शब्द आवडला. म्हणजे घेणाऱ्याला माहीत होतं की हे दुसऱ्याचं आहे आणि हिशेब द्यायचाय.

शेवटी अमेरिकेने नोव्हेंबर १९४२ ला ती अक्षरांची शिडी बाजूला सारून सरळ स्टील, तांबं आणि एल्युमिनियम या तीन धातूंचं टनावारी वाटप जाहीर केलं. तुमचं रेटिंग काय हे विचारू नका, तुमच्या नावावर किती टन आहे ते बोला. मला हे सर्वात शहाणपणाचं वाटतं, कारण माल जेवढा आहे तेवढाच आहे, प्राधान्य छापून तो वाढत नाही.

आणि उलटं उदाहरणही आहे, ते लपवायचं कारण नाही. जुलै १९४३ ला जर्मनीत हिटलरला व्ही-२ रॉकेटची फिल्म दाखवली आणि त्याने त्या रॉकेटला सर्वोच्च प्राधान्य देऊन टाकलं, का तर ते बघून तो भारावला. डोंगरात बोगदे खणून मिटेलबाऊ-डोरा इथे छळछावणीतल्या कैद्यांकडून ते बनवून घेतलं, त्या छावण्यांमध्ये जवळपास वीस हजार माणसं मेली, रॉकेट पडून जेवढी मेली त्यापेक्षा जास्त बनवताना मेली. आणि युद्धाचा निकाल काही बदलला नाही. फायटर विमानांना जे इंजिनियर, जी मशीन, जो माल पाहिजे होता तो तिकडे गेला. म्हणून प्राधान्य कशाला द्यायचं हे ठरवायच्या आधी ज्यांना ते वापरायचंय त्या दलाने हो म्हणायला पाहिजे आणि ते काम कोणाच्या तरी डोळ्याखाली, संसदेच्या, लेखापरीक्षणाच्या, राहिलं पाहिजे. भारावून दिलेलं प्राधान्य मला नको आहे, मला हिशेबातलं पाहिजे.

आमचे वडील असते तर इथे म्हणाले असते, अरे पण हे म्हणजे परत परमिट राज. त्यांची भीती खोटी नव्हती. त्यांनी सातपूरला सुरुवात केली तेव्हा स्टील कोट्यावर मिळायचं, अर्ज करा, शिफारस आणा, नंबर लावा, आणि नंबर लागेपर्यंत काळ्या बाजारात त्याच स्टीलची किंमत विचारा. कोट्याचा बार एकाच्या नावाने सुटायचा आणि उतरायचा दुसऱ्याच्याच दारात, हे त्यांनी स्वतः बघितलेलं, त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढायचा. जानेवारी १९९२ ला स्टीलचे भाव आणि वाटप मोकळं केलं तेव्हा आमच्या घरी पेढे आणले होते. पण एक गोष्ट फार कमी लोकांना आठवते, मोकळं करतानाही सरकारने असं ठेवलं होतं की संरक्षण, रेल्वे आणि लघुउद्योग यांना स्टील देताना प्राधान्य चालू राहील. संरक्षण आणि लघुउद्योग एकाच ओळीत होते! मला ती ओळ फार मोलाची वाटते. कारण विमान बनतं तेव्हा या दोन वेगळ्या गोष्टी नसतातच, ओझरच्या हँगरमध्ये जे उभं राहतं त्याचे किती तरी तुकडे अंबड, सातपूर, सिन्नर, पुणे, बंगळूर इथल्या माझ्यासारख्या शेडमधून आलेले असतात.

आणि माणसं प्राधान्य मानतात की नाही, तर मानतात, आपण नाशिककरांनी ते करून दाखवलंय. कोरोनातला एप्रिल २०२१ आठवा. २१ तारखेला आपल्याच शहरात हॉस्पिटलच्या ऑक्सिजनच्या टाकीची गळती झाली आणि वीसच्या वर माणसं गेली, त्या दिवशी शहरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. केंद्राने २२ एप्रिलपासून नऊ प्रकारचे उद्योग सोडून बाकी उद्योगांचा ऑक्सिजन बंद केला होता. आमच्या शेजारी फॅब्रिकेशनवाला आहे, त्याचं गॅस कटिंगचं सगळं काम ऑक्सिजनवर, त्याने त्याची अकरा भरलेली सिलेंडर स्वतः टेम्पोत चढवून दिली, मी आणि माझी दोन पोरं हात लावायला होतो. पावती मागितली नाही. पाच आठवडे त्याचं काम ठप्प, कामगारांना अर्धा पगार घरून दिला, आणि त्याच्या तोंडून तक्रार म्हणून एक शब्द मी ऐकला नाही. कारण त्याला दिसत होतं की सिलेंडर कुठे जातंय. एक वस्तू, एक कारण, सगळ्यांना सारखा नियम, लेखी आदेश. पण नंतर त्याला त्या पाच आठवड्यांचं काही मिळालं का, तर नाही, आणि बँकेचा हप्ता काही थांबला नव्हता.

आता तेजसकडे येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ चा, ६२,३७० कोटींचा. पहिली विमानं २०२४ ला मिळायला हवी होती. बंगळूरच्या दोन लाईनच्या जोडीला ओझरची तिसरी लाईन उभी राहिली, वर्षाला आठ विमानं इथून आणि एकूण चोवीस अशी क्षमता सांगतात. मग अडलं कुठे, तर इतर गोष्टींबरोबर इंजिनवर. ९९ इंजिनांची ऑर्डर २०२१ ला अमेरिकेतल्या जीई कंपनीला दिली आणि त्यातलं पहिलं इंजिन मार्च २०२५ ला आलं. कंपनीने स्वतः सांगितलं की त्या एफ-४०४ इंजिनाची लाईन पाच वर्षं बंद होती, ती आणि तिचे सप्लायर परत उभे करायला वेळ गेला. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आमची काय असेल. यात नवल काही नाही, आमच्यातलं कोणीही सांगेल. लाईन बंद पडली की मशीन राहतं पण माणूस जातो. ओझरला सुखोई या रशियन लढाऊ विमानाची मूळ ऑर्डर संपत आली, दोनशेच्या वर विमानं इथून गेली होती, तेव्हा मधली काही वर्षं आमच्या भागात सप्लायरांना काम नव्हतं, माझ्याकडचे टायटॅनियम कापायला शिकलेले दोन ऑपरेटर त्या काळात गेले, एक दुबईला आणि एक आता आडगावला स्वतःचं टायरचं दुकान चालवतो. टायटॅनियम कापताना आवाजावरून कळतं की इन्सर्ट, म्हणजे कटरचं पातं, आता जाणार, ते त्याला कळायचं, दहा सेकंद आधी तो बटनावर हात ठेवायचा. ते कान मला परत कुठून मिळणार? डिसेंबर २०२४ ला आणखी १२ सुखोईंची ऑर्डर आली तेव्हा आनंद झाला पण मी त्याला फोन केला तर तो म्हणाला, भाऊ, आता नाही जमणार, दुकान सेट झालंय.

म्हणजे प्राधान्य द्यायचं असेल तर सलग द्यायला लागतं. पाच वर्षं दुर्लक्ष आणि मग सहा महिने रात्रंदिवस फोन, याने विमान बनत नाही. इंजिनाचं दुखणं तर आपलं जुनं आहे, ओझरच्याही आधी बंगळूरला मारुत नावाचं आपलं फायटर बनलं होतं, चांगलं विमान होतं, त्याला साजेसं ताकदीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही.

पेमेंटबद्दल बोलतो म्हणालो होतो. छोट्या उद्योगांसाठी २००६ चा एमएसएमई कायदा आहे, ४५ दिवसांत पैसे द्यायलाच पाहिजेत, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय आता इन्कम टॅक्समध्येही आहे की मुदतीत पैसे दिले नाहीत तर मोठ्या पार्टीला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. कायदा चांगला आहे. पण मी ज्याच्याकडून जॉब घेतो त्याची तक्रार त्या कायद्याखालच्या कौन्सिलकडे करून परत त्याच्याच गेटवर चलन घेऊन उभा राहू कसा? आणि तो सप्लायर मला काय म्हणतो, अहो मलाच वरून आले नाहीत. खरंही असेल. मग तपासायची जागा ती आहे. वर कोट्यवधीच्या करारात अॅडव्हान्स मिळतो, तो पहिल्या कंपनीच्या खात्यात थांबतो, तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या शेडपर्यंत त्यातला रुपयाही येत नाही. त्या चाळीस ब्रॅकेटचे पाच महिने मी ओव्हरड्राफ्टवर काढले, म्हणजे देशाच्या टॉप प्रायॉरिटीच्या कामाला बिनव्याजी कर्ज मी दिलं, अंबडच्या चौदा माणसांच्या दुकानाने.

म्हणून मला काय पाहिजे ते सरळ लिहितो. सरकारने दोन किंवा फार तर तीन कामं निवडावीत, माझ्या मते तेजस त्यातलं पहिलं, आणि त्यांना कायद्याने प्राधान्य द्यावं, तोंडी नको, पीओवर छापून. ते प्राधान्य खाली उतरलं पाहिजे, प्लेट विकणाऱ्या स्टॉकिस्टवर, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगवाल्यावर, टेस्टिंग लॅबवर, आणि हो, महावितरणवरही, कारण फिनिशिंग कटला लाईट गेली की पीस भंगारात. ज्याने हे काम घेतलं त्याला दुसऱ्याच्या डेबिट नोटपासून संरक्षण द्या. पैसे ४५ दिवसही नकोत, रेटेड कामाचे ३० दिवसांत द्या आणि वरच्या कंपनीचं बिल पास करताना खालच्यांना पैसे पोचल्याचा पुरावा मागा. लागणाऱ्या एल्युमिनियम आणि टायटॅनियमचा साठा एका जागी, कागद तपासून, करून ठेवा, हैदराबादला मिधानी ही सरकारी कंपनी टायटॅनियम बनवतेच, एल्युमिनियमच्या प्लेटचं मात्र अजून बाहेरच्या जहाजाकडे डोळे लावून बसायला लागतं. आणि कोणाचं काम यामुळे मागे पडणार ते आधी जाहीर करा. ट्रॅक्टरचं मागे पडणार असेल तर तसं सांगा, निफाडच्या शेतकऱ्यालाही ते कळायला पाहिजे, पण दवाखान्याची उपकरणं आणि पाण्याचे पंप यांना हात लावू नका, २०२१ नंतर नाशिकमध्ये तरी हे कोणाला समजवायची गरज पडू नये.

हे जमणार नाही असं मला कोणी सांगू नये. गावात कुंभमेळ्याची कामं चालू आहेत ती बघा. २ ऑगस्ट २०२७ चं अमृतस्नान कोणाच्या बापाला पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे वेगळा कायदा झाला, वेगळं प्राधिकरण झालं, आणि रस्ता कोण, पूल कोण, पाणी कोण हे कागदावर आलं. तारीख पक्की असली की यंत्रणा हलते. सीमेवरच्या पायलटची तारीख आपल्याला माहीत नाही एवढाच फरक आहे, आणि त्याच्यासाठी तर उलट जास्त घाई करायला पाहिजे.

हे लिहिताना त्याच सप्लायरचं नवीन ड्रॉइंग टेबलावर पडलंय, यावेळी साठ पीस, शुक्रवारपर्यंत कोटेशन द्यायचंय. मी काम घेणार आहे, ऑपरेटरने तर आजच फिक्स्चर साफ करून ठेवलं. फॉर्ममध्ये डिलिव्हरीच्या रकान्यात ते लोक तारीख मागतात. मी तिथे लिहिलंय, कागदासकट माल हातात आल्यापासून चार आठवडे, त्यापेक्षा खरं मला काही लिहिता येत नाही.

आपला नियमित वाचक,
एक मशीन शॉपवाला
अंबड, नाशिक